बाजेखालची पिल्लं

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो आमच्या घरी माझ्या बाळंतपणाच्या रूपानं आला. साल बहात्तरचं सरत आलेलं. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण माझं माहेर पाथर्डीकडचं आणि तिकडची सगळी माणसं ऊसतोडीला गेलेली. दाराला कुलूप. म्हणून सासरीच, रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या आमच्या गावात, ऐन थंडीत मला मुलगी झाली. दिवस पुरे भरले नव्हते. पोर एवढीशी, रडायलाही अंगात जोर नव्हता. ती जगेल असं कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, आणि मला त्या सगळ्यांचा राग यायचा.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचं नि माझं फारसं पटायचं नाही. मी फटकळ, त्या हेकट. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हा त्यांचा पहिला नियम. त्यांनी झरोक्यात चिंध्यांचे बोळे कोंबले, दाराला घोंगडी टांगली आणि माझ्या बाजेखाली विस्तवाची शेगडी ठेवली. तेव्हा घरोघरी हीच रीत होती.

त्याच दिवसांत आमची कोंबडी रानमांजरानं नेली. तिची पिल्लं नुकतीच अंड्यातून निघालेली. आत्याबाईंनी ती डालग्यात घातली आणि ती टोपली सरळ माझ्या बाजेखाली, शेगडीशेजारी सरकवली.

"बाळंतिणीच्या खोलीत कोंबड्या? वास किती मारतोय!" मी करवादले.

"कोंबड्या कशाच्या, लेकरं हायेत ती. आई न्हाई त्यान्ला. तुज्या लेकराची ऊब त्यान्लाबी पुरंल."

पडून पडून मी करणार काय? बाजेच्या कडेवरून खाली बघत राहायची. आत्याबाई डालग्यात राख पसरायच्या, रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या बारीक कण्या टाकायच्या, फुटक्या बशीत पाणी ठेवायच्या. पिल्लं थंडीनं काकडली की चिवचिवाट करून एकमेकांच्या अंगावर चढत. धग जास्त झाली की पांगून चोची उघडत. आत्याबाई तेवढं बघून शेगडी पुढंमागं करायच्या. पिल्लांच्या पंखांना कोवळी पिसं फुटायला लागली, आणि मी नकळत रोज सकाळी ती बघायची वाट पाहू लागले. ही पिल्लं जगली तर माझी पोरही जगेल, असं काहीतरी वेडं मनात बसलं होतं.

मग गोवऱ्या संपल्या. गुरं छावणीला गेलेली, घरात शेण येणार कुठून? मालक, म्हणजे माझा नवरा, दुष्काळी कामावरून परतताना रुळांच्या कडेचा कोळसा वेचून आणू लागले, इंजिनातून पडलेला, अर्धवट जळालेला. त्याची धग चांगली टिकायची. घर हरखलं. त्या संध्याकाळी थंडी मी म्हणत होती. आत्याबाईंनी शेगडी कोळशानं भरली आणि घोंगडी नीट खोचून दार ओढून घेतलं.

सकाळी मला डोकं वर करवेना. हातपाय आपले नाहीतच असं वाटत होतं. मला वाटलं, अशक्तपणा. पोर निजलेली होती, दूध मागत नव्हती. आत्याबाई आल्या आणि रोजच्यासारखं आधी डालगं बाहेर ओढलं.

पिल्लं मेली होती. गारठून मेली असती तर ढीग करून मेली असती. ही पांगून, माना टाकून पडलेली. आत्याबाईंनी पिल्लांकडं पाहिलं, शेगडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि एकदम उठून त्यांनी घोंगडी ओरबाडून काढली. पोरीला उचललं आणि उघड्या अंगणात नेलं.

"आत्याबाई, वारा लागंल तिला!" मी ओरडायला गेले, पण आवाज निघाला नाही.

त्या परत आल्या, मला बगलेत धरून ओढतच बाहेर आणलं. शेजारणी ओरडायला लागल्या, पण आत्याबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. पोरीचे तळवे चोळत राहिल्या. पोर लुळी पडली होती. मी आयुष्यात पुन्हा कधी तेवढी घाबरले नाही. मग तिनं एक उचकी दिली आणि अशी रडली, की जन्मल्यापासून तसा आवाज तिनं काढला नव्हता.

कोंडलेल्या खोलीत त्या कोळशाची विषारी हवा साचली होती. पिल्लं अगदी शेगडीजवळ, म्हणून आधी गेली. ती बाजेखाली नसती तर आत्याबाईंनी घोंगडी काढलीच नसती.

शेजारणी पांगल्या. आत्याबाई अंगणात डालगं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. एकेक पिल्लू हातात घेऊन बघत होत्या. माझ्याकडं न बघता बोलल्या.

"तुज्या मालकाच्या आदी माजी दोन लेकरं गेली, ठावं हाय न्हवं तुला? त्याच खोलीत. पयलं गेलं तवा समदी म्हनली, वारं लागलं. म्हनून दुसऱ्याच्या येळंला मी बोळं आनखी घट्ट कोंबलं. माज्या हातानं."

मी सरकत सरकत त्यांच्याजवळ गेले आणि पोर त्यांच्या पुढं धरली. त्यांनी हात पुढं केले, आणि तसेच मागं घेतले.

"नगं," त्या म्हणाल्या. "तूच धर. हितं उनात धर."