चिमणाबाई आणि पेपरवालं साहेब

चिमणाबाईचं नाव काढलं की आजबी अंगावर काटा येतोय बघा, पावणं! आमच्या दुधाच्या कट्ट्यावर माझ्या म्हशीशेजारी तिची म्हैस. गिऱ्हाइकाच्या देखत धार काढायची आणि फेसाळ पेला त्याच्या हातात द्यायचा, ही आमची कोल्हापूरची रीत. धार काढायला तिचा पोरगा कृष्णात. दिवसा मोटारींच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात पत्रं ठोकायचा आणि दिवस मावळताना कट्ट्यावर यायचा.

त्रेपन्न साली त्या कारखान्यात संप झाला. आमच्या गावचा पेपर सगळा मालकाच्या बाजूनं! वर मालकाची जाहिरात, खाली संपवाल्यांची बदनामी. एक दिवस तर कहरच केला. ‘काल दिवेलागणीला कृष्णात नावाच्या संपवाल्याने मालकांच्या मोटारीवर दगड मारले.’ पेपर आला तसं पोलिसांनी पोराला उचललं. नोकरी जाणार, वर कळंब्याचा तुरुंग! अवो, दिवेलागणीला त्यो कट्ट्यावर धार काढत हुता की! पण आमचं कोण ऐकतंय?

त्याच सांजंला पेपरचे संपादक त्र्यंबकराव नेहमीसारखे दूध प्यायला आले. म्हणतात कसे, “चिमणाबाई, आज तुम्ही? पोरगा कुठाय? काल काय झकास दूध दिलं त्यानं!”

अगं आई गं! वरसानुवरसं ज्याच्या हातचं दूध पिलं, त्याचं नाव ह्या माणसाला ठावं न्हाई! मालकाच्या कारकुनानं नाव सांगितलं असणार, आणि ह्यानं न इचारता छापलं.

चिमणाबाई उठली. “काल कवा पिलासा दूध?”

“रोजच्याच वेळी. दिवे लागत होते.”

“त्योच कृष्णात, साहेब! तुमीच घातलासा त्याला चौकीत!”

साहेबांचं तोंड पांढरंफटक. “मला वेगळंच कळलं होतं. उद्या दुरुस्ती छापतो.”

“उद्या न्हाय, आत्ता चला!”

तिनं त्यांच्या अंगाला बोट लावलं न्हाई. म्हशीचं दावं सोडून हातात धरलं आणि म्हशीसकट चौकीकडं चालाय लागली. मागनं साहेब, त्यांच्या मागनं अख्खा कट्टा! वाटेत दुकानदार सामील, टांगेवालं सामील. माझा तर आवाजच बसला वरडून वरडून.

चौकीत फौजदारापुढं साहेबांनी मान खाली घालून सांगितलं, “त्या वेळी हा माझ्यासमोर होता.” पोरगं सुटलं! चिमणाबाईनं त्याला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडली. आमी रस्त्यातच नाचलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात सुटकेचा एक शबूद न्हाई. वर ठळक अक्षरात काय, तर ‘संपवाल्यांच्या जमावाचा संपादकांना गराडा’! जमावात एक संपवाला नव्हता, राव! एकच कृष्णात, त्योबी कोठडीत. माझं डोस्कंच फिरलं. चिमणाबाई मात्र धार काढता काढता पोटभर हसली. “कृष्णात, वाच की मोठ्यानं. सगळ्यास्नी ऐकू दे.”

कृष्णातनं वाचलं, आणि सगळा कट्टा हसला. तवापास्नं पेपर आला की गिऱ्हाइकं पैलं इचारायची, “चिमणाबाई, ह्यातलं खरं किती?”