उभा राहिलेला ऊस

त्या वर्षी मी एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करत होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात दलदलीत दडून इंग्रजांना बेजार करणाऱ्या एका सेनानीचं चरित्र. कर्वेनगरात ज्याला म्हणून हे सांगावं, तो शांतपणे म्हणे, "आमच्याकडे हे शंभर वर्षं आधीच झालंय." पुण्यात कुणाला काही नवीन सांगायची सोय नाही.

ऐकायचा फक्त दादा. माझा थोरला भाऊ हडपसरच्या पलीकडे आमच्या जमिनीवर राहतो, ऊस लावतो. बिल्डरला जमीन द्यायची नाही असं वस्तीतल्या चार-पाच घरांनी ठरवलं होतं आणि दादा त्यांचा पुढारी. बिल्डरची माणसं मोजणीचे खांब रोवून गेली, की ही मंडळी पहाटे ते उपटत आणि उसात पसार होत. रविवारी फोनवर मी त्याला नवं प्रकरण सांगायची. मूठभर स्वार येतात, छावणीवर तुटून पडतात, दलदलीत नाहीसे होतात. "त्याची दलदल, आपला ऊस," दादा खूश होऊन म्हणायचा. मलाही मजा वाटायची, खोटं कशाला सांगू!

मग ते प्रकरण आलं. सेनानी हाती लागेना, तेव्हा इंग्रजांनी त्याला आसरा देणाऱ्यांकडे मोर्चा वळवला. घरं पेटवली, मेंढ्या मारल्या, हातमाग फोडले. त्या रविवारी हे मी जरा चाचरतच सांगितलं. दादा मात्र हसला. "हितं कुठं आलेत इंग्रज?"

त्याच आठवड्यात भर दुपारी शेजारच्या काकूंचा ऊस जळाला. खांब उपटून आलेल्यांना चहा काकूंकडेच मिळायचा. विजेच्या तारांची ठिणगी पडली म्हणे. मग पलीकडच्या घराचाही जळाला, तेव्हा मी बस धरून गेले.

काकू काळ्या पडलेल्या रानाच्या बांधावर बसल्या होत्या. दादा जवळ गेला, तरी त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या भावाचा तेवढा उभा हाय बघ."

खरंच उभा होता. आग आमच्या बांधापाशी येऊन थांबली होती, पातंसुद्धा करपलं नव्हतं. तो हिरवागार ऊस बघून मला धडकी भरली.

घरी आल्यावर दादानं हातपाय धुतले. मग म्हणाला, "ज्यांची घरं जाळली, त्यांनी त्या मान्साला फुडं भाकर दिली का गं?"

माझ्या पुस्तकात त्याबद्दल एक ओळही नव्हती. "दिली असेल," मी म्हणाले.

"असंल," असं म्हणत त्यानं उठून पुढच्या दाराला आतून कडी घातली. दिवसाढवळ्या आमचं दार बंद झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी खिडकीशी गेले. काकूंच्या अंगणात माणसं जमत होती, आणि त्यांत बिल्डरचा माणूस एकही नव्हता.