शलोमीच्या प्रार्थनेची वही

आम्ही लातूरला आलो तेव्हा जिल्हा नवा होता आणि पाणी नव्हतं. ह्यांची बदली नांदेडहून नव्या कलेक्टर कचेरीत झाली होती. कचेरीच्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता आणि गावात ओळखीचं म्हणावं असं एकही घर नव्हतं. नांदेडला आमच्या चर्चची मंडळी होती, रविवारची उपासना होती, मुलांसाठी संडे स्कूल होतं. इथे रविवारी आम्ही तिघंच भाड्याच्या खोलीत सतरंजी टाकून बसायचो. शलोमी तेव्हा नऊ वर्षांची होती. या परक्या गावात, या कोरड्या वर्षी माझ्या लेकीच्या मनातून देव निसटून जाईल, ही एकच भीती मला रात्रंदिवस खायची.

मी शाळेत शिकवणारी बाई. भीती वाटली की वेळापत्रक आखते, तसं मी आखलं. संध्याकाळी दिवा लागला की बायबलमधली एक गोष्ट वाचायची आणि मग शलोमीने वहीत एक पान लिहायचं, आज काय वाचलं आणि देवाला काय सांगायचं आहे ते. आता सांगायला लाज वाटते, पण ती वही मी लाल पेनने तपासत असे. लेकीच्या प्रार्थनेवर बरोबरच्या खुणा करत असे, खाली गुण देत असे. शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्यात तीही एक वही, हाताला सवय झालेली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एकदा आम्ही हागारची गोष्ट वाचली. वाळवंटात पाणी संपलं, लेकरू तहानेनं व्याकूळ झालं, तेव्हा देवाने त्या आईला विहीर दाखवली. शलोमीने लिहिलं, ‘देवा, हागारला विहीर दाखवलीस, मग आमच्या गल्लीला का नाही?’ मी त्याखाली लाल रेघ ओढली आणि लिहिलं, ‘देवाला जाब विचारू नये, आभार मानावेत.’ दुसऱ्या दिवसापासून वहीत रोज एकच ओळ येऊ लागली: ‘देवा, तुझे आभार.’ मी पैकीच्या पैकी गुण देत राहिले. पंधराएक दिवसांनी वही माझ्या हातात देताना तिने अगदी साधेपणाने विचारलं, “आई, वही तर तूच तपासतेस. मग देव वाचतो कधी?” मी वही घेऊन गठ्ठ्यात सरकवली. त्या दिवसापासून ती प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटेनाशी झाली. माझ्याकडे बघत नुसती बसून राहायची, आणि ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

मग तो शनिवार आला. सकाळची शाळा करून आले होते आणि दुपारी जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा मी कुठे आहे हेच क्षणभर कळेना. खोलीभर पिवळा उजेड होता, बाहेरची धूळ त्यात तरंगत होती आणि लांबून हापशाचा आवाज येत होता, वर, खाली, वर, खाली. कळशी जागेवर नव्हती, म्हणजे शलोमी रांगेत नंबर धरायला गेलेली. वहीसुद्धा दिसेना. चप्पल घालून मी निघाले. उन्हाने रस्ता हलल्यासारखा दिसत होता आणि मी झोपेतच चालते आहे असं वाटत होतं.

हापशाजवळच्या कडुलिंबाखाली बाया बसल्या होत्या. मधोमध शलोमी, मांडीवर वही. शेजारी एक म्हातारी, कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, बाजूला कपड्यांचं बोचकं. या गल्लीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

“देवाला लिहितीस म्हणं. मग माझंबी लिही की माय,” ती म्हणत होती. “लेकाकडं मुखेडला निघाले, पर पाय उचलंना. सून बोलंल का न्हाई, लई धाकधूक हाय.”

“आजी, कुठल्या देवाला लिहू?”

“तू ज्याला लिहितीस त्यालाच लिही. त्यो वाचंल की.”

शलोमी लिहू लागली. मग दुसरी पुढे सरकली, तिला नवऱ्याच्या खोकल्याचं सांगायचं होतं. एका पोटुशा पोरीने नुसतं “बाळाचं लिही” म्हटलं आणि ती लाजून हसली. इतक्यात शलोमीचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तिने पटकन वही मिटली. माझ्याच लेकीने मला बघून प्रार्थना लपवली.

म्हातारीने मात्र हात धरून मला खाली बसवलं. “तूबी सांग की बाई. लेक लिहायलीय, तुला काय पायजे?”

रोज प्रार्थना शिकवणारी मी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. सगळ्याजणी वाट बघत होत्या. शेवटी मी धुळीकडे बघत म्हणाले, “लिही. देवा, माझ्या लेकीला मीच तुझ्यापासून लांब ढकललं. मला फार भीती वाटते. आता तूच तिला सांभाळ, माझ्याच्यानं होत नाही.” शलोमी बराच वेळ लिहीत होती. मी वहीत डोकावले नाही.

म्हातारी ओंजळभर पाणी प्यायली आणि बोचकं उचलून एसटी स्टँडच्या दिशेने निघाली. पुढे मी गल्लीत विचारलं, पण ती कोणाकडे आली होती ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मीही फार खोदलं नाही. ज्याने तिला पाठवलं असं मला वाटतं, त्याचे मी आजवर आभार मानत आले आहे.

त्या संध्याकाळी मी वही मागितली नाही. दिवा लावला, आम्ही तिघं बसलो, आणि मी प्रार्थनेला सुरुवात करणार तोच शलोमीने आपणहून डोळे मिटले.

“प्रभू येशू, आजीची सून तिच्याशी गोड बोलू दे. गल्लीला पाणी दे, हे मी परत विचारते आहे. आणि माझ्या आईला फार भीती वाटते. तू तिच्याजवळ बस.”

हे हळूच “आमेन” म्हणाले. इतके दिवस मी लेकीला देवाच्या हाती सोपवायला घाबरत होते, आणि तिने मला एका वाक्यात त्याच्या हवाली करून टाकलं.