कोंडवाड्यातलं विमान

काकाने त्या वर्षी भात कापल्यावर शेतात वाल पेरले, तेव्हाच मला कळलं की हे वाल खाण्यासाठी नाहीत. त्या शेतात त्याने जन्मात वाल घेतले नव्हते. मी विमान बांधत होतो आणि जमिनीवरून उचलायला मला आमच्या आणि त्याच्या, दोन्ही शेतांची लांबी हवी होती. मधला बांध वीस फूट फोडू द्या, पावसाळ्याआधी मी स्वतः घालून देतो, असा निरोप मी धाडला होता. उत्तर म्हणून वाल उगवले.

आमची दोन घरं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि कारण तोच बांध. आजोबांनी वाटणी करताना दोन टोकांना एकेक ताड लावला आणि या ताडापासून त्या ताडापर्यंत सरळ बांध घातला. काका आपल्या बाजूने बांध कोरतो आणि माती आमच्या बाजूला लावतो, असं माझे वडील मरेपर्यंत सांगत राहिले. काका नेमकं उलट सांगायचा. बांधावर करवंदाची जाळी इतकी माजली होती की एका ताडाजवळ उभं राहिलं तर दुसऱ्याचं खोड दिसायचं नाही. माझा विश्वास वडिलांवर होता. रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, फादर एकमेकांना शांती द्यायला सांगत, तेव्हा काका उजवीकडच्याचा हात धरायचा आणि मी डावीकडच्याचा.

मी कारखान्यात फिटर होतो. रद्दीत मिळालेल्या एका परदेशी मासिकातल्या चित्रांवरून मी आमच्या रिकाम्या गोठ्यात दोन वर्षं खपलो. अॅल्युमिनियमचे पाइप, भंगारातल्या मोटरसायकलचं इंजिन, पुढे फिरणारा सागाचा पंखा. पंखांचं कापड मांजरपाटाचं, ते अर्नाळ्याच्या एका शीड शिवणाऱ्या म्हाताऱ्याने शिवून दिलं. कापड ताठ राहावं म्हणून मी त्याला तांदळाच्या पिठाची खळ लावणार होतो. म्हातारा म्हणाला, "पिठाची खळ लावलीस तं ढोरां खातील. तेल लाव, पानी बी लागनार नाय." तेलाने वजन वाढतं, हे त्याला काय कळणार, असं मी मनात म्हटलं आणि खळीचे चार हात दिले. कापड ढोलकीसारखं वाजायला लागलं.

बांध फोडायला मिळणार नाही म्हटल्यावर मी हट्टाला पेटलो. सीट हलकी केली, स्वतः महिनाभर रात्रीचं जेवण सोडलं आणि बांधाच्या आत उचलायचं ठरवलं. काकाने काय करावं? थंडीत, कुणी बांधाला हात लावत नाही अशा दिवसांत, त्याने बांधावर वीतभर ओली माती चढवली. वर बोरीच्या काट्या रोवल्या. माणूस किती कुजका असू शकतो, हे मी त्या काट्या बघून शिकलो.

जानेवारीतल्या एका सकाळी मी उडालो. अर्धं गाव हसायला जमलं होतं. चाकं काट्यांना घासून गेली आणि मग खाली काहीच नव्हतं. नारळांच्या शेंड्यांएवढा वर गेलो. केळीच्या वाड्यांवरून एक मोठं वळण घेतलं. मला फार आनंद झाला होता, तो मी नाकारत नाही.

परत येताना बांध दिसला. हा ताड, तो ताड, आणि मधे बांध. वरून जाळीचा काही अडथळा नव्हता. बांधाला पोट आलं होतं, आणि ते पोट काकाच्या शेतात शिरलं होतं, चांगलं सहा-सात हात. आमचं शेत फुगलेलं, त्याचं चेपलेलं. मी वळून दुसऱ्या बाजूने बघितलं, तरी तेच. वडील भल्या पहाटे कुदळ घेऊन कुठे जायचे, ते माझ्या लक्षात आलं. मी बांधाकडे बघत राहिलो आणि उंची गेली. विमान काकाच्या वालात उतरलं आणि शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाल झोपवत गेलं.

काका धावत आला, पण माझ्याशी बोलला नाही. तो ग्रामपंचायतीच्या शिपायाला म्हणाला, "पिकात शिरलं ते ढोर. कोंडवाड्यात घाल." आमच्याकडे रीतच होती: ज्याचं पीक तुडवलं त्याने मान हलवल्याशिवाय कोंडवाड्यातून जनावर सुटत नसे. शिपायाने खरोखर वही काढली. रंग पांढरा. शिंगं नाहीत. खूण, शेपटीवर लाल पट्टा. दार अरुंद म्हणून पंख सुटे करून आत नेले आणि भिंतीला टेकवून ठेवले.

काकाची अट शिपायाने मला घरी येऊन सांगितली. पैसे नकोत. त्याच्या अंगणात येऊन 'चुकलो' म्हणायचं, एवढंच.

वालासाठी मी म्हटलंही असतं. पण तो शब्द एकदा तोंडातून निघाला की वालापाशी थांबला नसता, हे मला वरून बघून आल्यावर कळत होतं. मी गेलो नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. शेजारी म्हणाले, एका शब्दाने तुझं काय जातंय? मी त्यांनाही शिव्या दिल्या.

कोंडवाड्यात गुरांना पाणी मिळतं, चारा मिळत नाही. वालाच्या दिवसांत तिथे गुरं भरपूर असतात. पाचव्या दिवशी शिपाई बोलवायला आला. दोन म्हशी आणि एक पाडा मिळून दोन्ही पंखांचं कापड खाऊन मोकळे झाले होते. पाडा अजून पाइप चाटत होता.

काका दाराशी उभा होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो सरळ माझ्याशी बोलला.

"वरून बांध दिसला असंल."

मी पाड्याला पाइपापासून मागे ढकललं.

"वाल गेले खड्ड्यात. सरळ हाय का, तेवढं सांग. तुझ्याशिवाय कोनी बघितला नाय."

त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. मला तो भांडणाचा असता तर बरं वाटलं असतं.

"वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं," मी म्हणालो. "काही दिसलं नाही."

 मग शिपायाकडे वळून त्याने मान हलवली. "सोड त्याचं जनावर," म्हणाला आणि निघून गेला.

मी पाइप हातगाडीवर घातले आणि घरी आणले. बांध होता तिथेच राहिला.