थुंकीची डबी

कुसगावात क्षयाच्या संशोधनासाठी एक उंच माणूस यायचा. आधी त्यानं आफ्रिकेत, युगांडात, असंच काम केलेलं. चावडीवर सरकारी मंजुरीचा कागद वाचून दाखवायचा आणि घरोघरी डब्या वाटायचा. माणूस डबीत थुंकायला लागला की हा पाठ करून उभा राहायचा.

मी हसलो. "साहेब, थुंकी न्यायला आलाय आन् तोंड फिरवताय व्हय?"

"तिकडं बाया लाजायच्या, भाऊ. तेव्हापासून सवयच लागली. कागद सरकार मंजूर करतं, पण थुंकी ज्याची त्यानंच द्यायची."

माझी बायको महिनाभर खोकत होती. परक्या माणसासमोर थुंकायची तिला लाज वाटली. तिनं डबी हळूच माझ्याकडं सरकवली. "तुमीच थुंका की." तो पाठमोराच होता. मी ठणठणीत माणूस, थुंकलो.

काही दिवसांनी तो हसत आला. "वहिनींना काही नाही, भाऊ!" मग आमी दवाखान्याकडं फिरकलोच न्हाई. थंडीत ती गेली.

पुढच्या वर्षी तो पुन्हा डब्या घेऊन आला. "वहिनी कुठं आहेत?"

"गेली. खोकल्यानंच."

त्यानं वही उघडली, तिच्या नावावर बोट ठेवलं. "माझीच तपासणी चुकली, भाऊ. माफ करा." एवढं बोलून डोळे पुसायला त्यानं पाठ फिरवली.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी त्या पाठीकडं बघत गप्प राहिलो. माझी चूक तो घेऊन गेला, आणि त्याचं नावसुद्धा मी कधी विचारलं न्हाई.