मुहूर्ताला मी बोलत नाही

भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मंगल कार्यालयात मी मॅनेजर होतो. एका कानाला मोबाइल, दुसऱ्या कानाशी नवरीचे वडील, समोर आचारी आणि नजर दारावर, असा माझा खाक्या. "तुम्हाला दहा तोंडं आहेत," असं बायको म्हणायची. ते कौतुक नव्हतं, पण मी कौतुक म्हणूनच घेत असे.

मग पार्किन्सन आला. उजवा हात थरथरायला लागला तेव्हा मी तो खिशात घातला आणि कामाला लागलो. कार्यालयाच्या मालकांना, आमच्या शेठना, सांगूनही टाकलं. पुढे मात्र कोणी एकदम दोन गोष्टी विचारल्या की दोन्ही निसटायला लागल्या. बोलण्याच्या नादात पाण्याच्या टँकरला फोन करायचा राहून जायचा. हे मी शेठपासून लपवलं. हात खिशात घालता येतो, डोकं कुठे घालणार?

ते उघडं पडलं मे महिन्यातल्या एका लग्नात. आमचा बँड दाराबाहेर उभा असे, आतलं त्यांना नीट ऐकू यायचं नाही. म्हणून मंगलाष्टकं संपली की मी दारातून हात वर करायचा आणि त्यांनी वाजवायचं, अशी पद्धत. त्या दिवशी मधलंच एक मंगलाष्टक चाललं होतं. नवरीची आत्या स्वतः रचलेलं मंगलाष्टक घेऊन आपल्या पाळीची वाट बघत होती. तेवढ्यात नवऱ्याच्या काकांनी मला विचारलं, "मॅनेजर, आइस्क्रीम कधी काढताय?" मी त्याचा विचार करायला लागलो. कानावर "शुभमंगल सावधान" पडलं, अक्षता उडाल्या आणि माझा हात वर गेला.

बँड दणाणला. पाहुण्यांनी मुठीतल्या उरल्यासुरल्या अक्षता फेकल्या आणि निम्मा हॉल जेवणाकडे धावला. नवरा-नवरी अजून अंतरपाटाच्या अलीकडे-पलीकडे! गुरुजी दोन्ही हात हलवून ओरडत होते, "अहो थांबा, मुहूर्त व्हायचाय!" बँड कसाबसा गप्प केला. लग्न वेळेवर लागलं, पण आत्याला आपलं मंगलाष्टक रिकाम्या खुर्च्यांना ऐकवावं लागलं.

संध्याकाळी मी शेठसमोर उभा राहिलो. पगाराचं सोडा, पण हे काम गेलं तर घरात बसून मी नुसता आजारी माणूस उरणार, याची मला भयंकर भीती वाटत होती. मी सगळं सांगून टाकलं.

शेठ जुन्या मिठागरवाल्यांच्या घरातले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. "मंग आदी सांगाला काय झालता?" ते म्हणाले. "आता जेवन ना गाड्या माजा पोरगा बगील. तुमी फकस्त मुहूर्त बगा. त्या टायमाला कोनाशी बोलायचा न्हाय."

मुहूर्तच काढून घेतील असं मला वाटलं होतं. "पण शेठ, मी चुकलो तो तिथेच ना?"

"एकच काम असला तं न्हाय चुकनार तुमी. जावा आता."

पुढचं लग्न बेव्हर्ली पार्कातल्या एका कुटुंबाचं होतं. मी दारात उभा राहिलो आणि गुरुजींच्या ओठांवर नजर रोवली. दुसऱ्या मंगलाष्टकाला एक जाडजूड पाहुणा आलाच. "ओ मॅनेजर, माझ्या गाडीमागे कोणीतरी टेम्पो लावलाय!" मी गप्प. "अहो, तुमच्याशी बोलतोय! ऐकू येत नाही का?" मला घाम फुटला. आयुष्यात कोणाला असं ताटकळत ठेवलं नव्हतं. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळलं. आणखी दोन माणसं येऊन त्याच्या मागे उभी राहिली. त्यातल्या बाईने माझी बाहीसुद्धा ओढली. मी गुरुजींबरोबर मनातल्या मनात मंगलाष्टकं म्हणत राहिलो.

शेवटचं मंगलाष्टक संपलं. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मी हात वर केला. बँड वाजला, अंतरपाट दूर झाला, नवरीने हार घातला. सगळं जिथल्या तिथे, जेव्हाचं तेव्हा. मला इतका आनंद झाला की तितका स्वतःच्या लग्नातही झाला नसेल.

मग मी मागे वळलो. पाहुणा फणफणत उभाच होता, त्याच्यामागे ती दोघं.

"हं, आता बोला," मी म्हणालो. "पण एकेक जण."