ओल्या कातळाचे राखणदार

"हात लावू नका, ओलं आहे," असे म्हणून सर हात आडवा धरीत. नुकताच रंग दिलेल्या भिंतीपुढे धरावा तसा.

आमच्या डिंगोरे गावाच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एक झरा आहे. त्यामागचा कातळ बारमाही पाझरतो, म्हणून शेवाळाने हिरवा. त्या शेवाळात एक पतंग वाढत असे. अळी शेवाळच खाई, तिथेच कोष करी. पंख फुटले तरी तांदळाच्या कणीएवढा, राखेच्या रंगाचा. आपण पाहिला असता, तर कचरा समजून झटकला असता.

सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवीत, मी मुख्याध्यापक होतो. निवृत्तीनंतर त्यांनी एकच विषय धरला: शेवाळ गेले की पतंग गेला.

"एवढ्याशा पाकोळीपायी, सर?" पाण्याला आलेल्या बाया हसत. "तिला भाकरतुकडा काय लागतो का न्हाई?"

"नुसती ओल लागते. तेवढी राहू द्या."

एकदा पुण्याच्या दोन अभ्यासकांनी पतंग पाहायला यायचे ठरवले. सरांनी ही बातमी आनंदाने देवळात सांगितली. चूक झाली ती तिथे. पाहुणा येणार म्हटले की आमच्याकडे आधी अंगण सारवतात.

सकाळी आम्ही पोहोचलो, तेव्हा कातळ काथ्याने घासून पांढरा केला होता. वर चुना, खाली गेरूचा पट्टा, पुढे रांगोळी.

"लई चमाकतंय ना, सर?" एका म्हातारीने विचारले. तिची बोटे चुन्याने सोलली होती. "तुमचं पावणं, मंग आमी काय बसून ऱ्हावं व्हय?"

मी रागावणार, तोच सरांचा हात माझ्यापुढे आडवा आला. "फार कष्ट घेतलेत," ते बायांना म्हणाले. पाहुणे चहा घेऊन परतले.

पुढे सर रोज कातळाकडे जात. "पुन्हा धरेल," म्हणत. शेवाळ थोडे धरले. पतंग दिसला नाही. गेल्या वर्षी ते गेले.

त्यांची आठवण म्हणून गावाने कातळाला फरशी बसवायचे ठरवले. मी सभेत उभा राहून ओल, शेवाळ, पतंग, सारे सांगितले. सर्वांनी शांतपणे ऐकले.

"मंग हिरवी बसवू की, गुर्जी," सरपंच म्हणाले.

हिरवी बसली. नारळ मी फोडला नाही.

फरशीच्या सांध्यांतून पाणी अजून पाझरते. परवा तीच म्हातारी फडके घेऊन आली. मी हात आडवा धरला. "हात लावू नका, ओलं आहे."

"म्हून तर पुसते, गुर्जी," ती म्हणाली.